साडेतीन सेकंदांची शिदोरी

लास व्हेगसच्या रस्त्यावर गाडी सुटते आणि लगेच बेस धावायला लागतो. त्याच्यावर तीन-चार सुरांची एक साखळी इतक्या झपाट्याने वर-खाली फिरते, की कानाला सुटे सूर सापडतच नाहीत, एक लखलखती रेघच ऐकू येते. मग मुख्य चाल येते. ती किंचित उदास आहे. शर्यतीच्या गेमला असली हुरहुर लावणारी चाल देणं हे धाडसच होतं, आणि म्हणूनच ती तीस वर्षांनंतरही माणसांच्या ओठांवर आहे.

ही ‘टॉप गिअर’ची पहिली चाल. १९९२ साली सुपर निन्टेन्डो या कन्सोलवर आलेला हा मोटारशर्यतीचा गेम. याच नावाच्या ब्रिटिश टीव्ही कार्यक्रमाशी त्याचा संबंध नाही. तो बनवला इंग्लंडमधल्या शेफिल्डच्या ग्रेमलिन ग्राफिक्सने आणि बाजारात आणला केम्को या जपानी कंपनीने. खुद्द जपानात त्याचं नाव ‘टॉप रेसर’. चार गाड्यांतून एक निवडायची, जगभरातल्या आठ प्रदेशांत प्रत्येकी चार, अशा ३२ शर्यती धावायच्या. क्षणभर वेग वाढवणारे नायट्रो प्रत्येक शर्यतीला फक्त तीन. लांबच्या शर्यतीत इंधन पुरत नाही, मग वेळेचं गणित मांडून पिटमध्ये शिरावं लागतं. पडदा कायम आडवा दुभागलेला असतो, एकटं खेळत असलात तरी! खालच्या अर्ध्या भागात प्रतिस्पर्धी धावताना दिसतो. दोघा भावंडांनी शेजारी बसून खेळावं, हेच या गेमचं खरं रूप.

आता मुद्द्याचं. हे संगीत त्या यंत्रात मावलं कसं?

सुपर निन्टेन्डोमध्ये आवाजासाठी सोनीने बनवलेला वेगळा विभाग होता. त्याचा आराखडा केन कुतारागी यांचा, ज्यांनी पुढे प्लेस्टेशन घडवलं. या विभागाला स्वतःची स्मृती मिळाली होती ६४ किलोबाइट. एका वेळी आठ आवाज काढता येत. वाद्यांचे आवाज आधी मुद्रित करून, दाबून भरायचे: ध्वनीचे १६ ठिपके ९ बाइटमध्ये. यंत्राचा पूर्ण वेग धरला, म्हणजे सेकंदाला ३२,००० ठिपके, तर एका सेकंदाला १८,००० बाइट लागतात. याचा अर्थ सगळी स्मृती नुसत्या आवाजाला दिली, तरी साडेतीन सेकंदांपेक्षा थोडंच जास्त ध्वनिमुद्रण तिच्यात बसणार. आणि सगळी द्यायची सोय नव्हतीच, कारण वाजवणारा प्रोग्राम, चालींचं नोटेशन आणि घुमाऱ्यासाठी राखलेली जागा हे सगळं याच ६४ किलोबाइटमध्ये. एवढ्या शिदोरीवर ड्रम, बेस आणि मुख्य वाद्य उभं करायचं!

यावर उपाय म्हणजे सुराचा अगदी बारीक तुकडा घ्यायचा, तो गोल फिरवत ठेवून लांबवायचा आणि वेग कमी-जास्त करून त्याच तुकड्यातून निरनिराळे स्वर काढायचे. झपाट्याने फिरणाऱ्या सुरांच्या साखळीचं कारणही काटकसरच. तीन सूर एकदम धरले तर आठांपैकी तीन आवाज खर्ची पडतात. तेच सूर एकामागोमाग भरभर वाजवले तर एकात भागतं. शिवाय इंजिनाची घरघर आणि इतर आवाजांनाही याच आठांतून वाट द्यायची. गरजेपोटी आलेली ती साखळी पुढे या संगीताची ओळख ठरली.

संगीतकार बॅरी लीच हा तेव्हा विशीतला स्कॉटिश तरुण. अमिगा या संगणकावर एका वेळी चारच आवाज निघत. तिथे काम करून त्याचा हात तयार झालेला होता. १९९१ सालच्या ‘लोटस टर्बो चॅलेंज २’चं संगीत त्याचंच, आणि त्याच्या त्या काळच्या काही चाली नव्या साजात ‘टॉप गिअर’मध्ये आल्या. शर्यतीसाठी चाली केवळ चार. प्रत्येक प्रदेशात त्याच पुन्हा येतात. हे थोडं आहे असं मला कधी वाटलं नाही. चार भक्कम चाली ३२ रस्त्यांवर पुन्हा पुन्हा ऐकल्या की त्या अंगात भिनतात. शेवटापासून सुरुवातीला येताना सांधा जाणवत नाही, जसा तबलजी आवर्तन संपवून सहज समेवर येतो.

आपल्याकडे नव्वदच्या दशकात घरोघरी पोचलेल्या आठ-बिट यंत्रांत कॅसेट खुपसून ज्यांनी कोनामीचा ‘रोड फायटर’ खेळला, त्यांना आठवेल: तिथे धावताना चाल नव्हती, फक्त इंजिनाचा चढता आवाज. त्या शांततेनंतर ‘टॉप गिअर’ ऐकला की शर्यतीला संगीत काय देतं ते एका मिनिटात कळतं.

या गेमवर सर्वांत जास्त जीव लावला ब्राझीलने. १९९३पासून तिथे ग्राडिएन्ते आणि एस्त्रेला या देशी कंपन्यांनी मिळून निन्टेन्डोची यंत्रं अधिकृतपणे विकायला घेतली. तो मोटारशर्यतपटू आयर्टन सेनाचा देश. १९८८, १९९० आणि १९९१ अशी तीन जगज्जेतेपदं मिळवलेला हा माणूस १ मे १९९४ला शर्यतीतच गेला. त्या पिढीच्या मुलांना वेगाबरोबर हुरहुर असणारी चाल आपली वाटली असेल, तर मला नवल वाटत नाही. तिथले हौशी गिटारवादक ती लास व्हेगसची चाल आजही वाजवतात.

त्या मुलांतली काही मोठी होऊन गेम बनवायला लागली. पोर्तो अलेग्रे शहरातल्या अक्विरिस स्टुडिओने २०१५ साली ‘होरायझन चेस’ काढला, ‘टॉप गिअर’च्या वळणाचा, आणि संगीतासाठी थेट बॅरी लीचलाच बोलावलं. २०१८ साली तो ‘होरायझन चेस टर्बो’ म्हणून कन्सोलवर आला, तेव्हा त्यात दुभागलेल्या पडद्यावर शेजारी बसून खेळण्याची सोयही होती. २०२१ साली त्याला सेनाच्या कारकिर्दीवरची पुरवणी जोडली गेली.

ऐकायचं असेल तर क्रम असा ठेवा: आधी अमिगावरचं ‘लोटस २’, मग ‘टॉप गिअर’ची लास व्हेगस, मग ‘होरायझन चेस’. हेडफोन लावा आणि पहिल्या वेळी मुख्य चाल सोडून फक्त बेसच्या मागे जा. सगळी गाडी तोच ओढतो.