चौदा वर्षांच्या मुक्ताचे धाडस

शौर्य म्हटले की आमच्या मुलामुलींच्या डोळ्यांपुढे घोडा, तलवार आणि रणांगण उभे राहते. त्यात वावगे काही नाही. दरवर्षी १ जानेवारीला आमच्या विश्रांतवाडीतूनही बांधवांच्या गाड्या कोरेगाव भीमाच्या विजयस्तंभाकडे निघतात आणि १८१८ च्या त्या लढाईतील सैनिकांना मानवंदना देऊन संध्याकाळी परततात. पण त्या लढाईनंतर सदतीस वर्षांनी याच पुणे शहरात आणखी एक झुंज झाली. लढणारी एकटी होती, तिचे वय चौदा वर्षांचे होते आणि तिच्या हातात बोरू होता. तिचे नाव मुक्ता साळवे. या स्मरणिकेच्या निमित्ताने विद्यार्थी मित्रांपुढे आणि विशेषतः आमच्या मुलींपुढे आम्ही तिची ओळख मांडीत आहोत.

महात्मा जोतीराव आणि सावित्रीमाई फुले यांनी १८४८ साली भिडेवाड्यात मुलींची शाळा सुरू केली आणि पुढच्या काही वर्षांत महार-मांगांच्या मुलामुलींसाठीही शाळा काढल्या, हे आपणा सर्वांना ठाऊक आहे. सावित्रीमाईंच्या अंगावर शेण-चिखल पडला, तेही आपण भाषणांतून ऐकतो. परंतु त्या शाळांतून शिकून बाहेर काय पडले, हे फारसे कोणी सांगत नाही. त्याचे उत्तर म्हणजे मुक्ता. मांग समाजातील ही मुलगी जेमतेम तीन वर्षे शिकली आणि तिने 'मांग महारांच्या दुःखाविषयी' हा निबंध लिहिला. 'ज्ञानोदय' या, अमेरिकन मिशनऱ्यांनी १८४२ साली अहमदनगरला सुरू केलेल्या पत्रात तो दोन भागांत छापून आला. पहिला भाग १५ फेब्रुवारी १८५५ च्या अंकात आणि दुसरा १ मार्चच्या अंकात.

आता या निबंधात आहे काय? शाळेत लिहिलेला निबंध म्हटल्यावर आपल्याला वाटते, प्रारंभी ईश्वराचे स्तवन, मध्ये चार उपदेश आणि शेवटी सुविचार. मुक्तानेही प्रारंभ ईश्वरापासूनच केला आहे, पण स्तवनाऐवजी तिने त्याला सरळ प्रश्न टाकला. वेद हे केवळ आमचेच, ते आम्हीच पाहावेत, असे ब्राह्मण म्हणतात. मग त्यावरून उघडच झाले की आम्हाला धर्मपुस्तक नाही. धर्मपुस्तक नाही तर आम्ही धर्मरहित ठरलो. तेव्हा हे देवा, आमचा धर्म कोणता ते तूच सांग, असा तिच्या म्हणण्याचा आशय आहे. आणि ज्या धर्माचा लाभ एकानेच घ्यावा व बाकीच्यांनी तोंडाकडे पाहत राहावे, असा धर्म पृथ्वीवरून नाहीसा होवो, त्याचा अभिमान बाळगण्याचे आमच्या मनातही न येवो, असे ती म्हणते.

ही भाषा रडगाण्याची नाही. तुमचेच म्हणणे खरे धरले तर त्यातून काय निष्पन्न होते, हे ती समोरच्याच्याच तोंडी ठेवते. थेरीगाथा वाचणाऱ्यांना येथे पुण्णा थेरीची आठवण झाल्याशिवाय राहणार नाही. पुण्णा ही अनाथपिंडिकाच्या घरची पाणी भरणारी दासी. थंडीत नदीवर कुडकुडत स्नान करून पाप धुऊ पाहणाऱ्या ब्राह्मणाला तिने विचारले होते की पाण्याने पाप जात असेल तर बेडूक, कासव, मगरी सगळेच स्वर्गाला जातील काय! एक दासी आणि एक मांगाची मुलगी, मध्ये दोन हजारांहून अधिक वर्षांचे अंतर, पण विचारण्याची रीत एकच.

त्यानंतर मुक्ता पुण्याच्या रस्त्यावर येते. बाजीरावाच्या राज्यात तालीमखान्यापुढून मांग किंवा महार गेला, तर त्याचे शिर कापून गुलटेकडीच्या मैदानात त्याचा चेंडू आणि तलवारीचा दांडू करून खेळत असत, असे ती लिहिते. इमारतींच्या पायात या लोकांना तेल-शेंदूर पाजून पुरले जात असे, तेही लिहिते. एखाद्या मांग-महाराला वाचता येते असे कळले तर बाजीराव चिडून विचारी, याने लिहिण्यावाचण्याचे काम केले तर ब्राह्मणांनी काय धोकटी घेऊन हजामत करीत फिरावे? हे सर्व तिने स्वतः पाहिले नव्हते. पेशवाई बुडाली तेव्हा तिचा जन्मही झाला नव्हता. घरातल्या, वस्तीतल्या म्हाताऱ्या माणसांनी सोसलेले तिने ऐकले आणि ज्या शहरात ते घडले त्याच शहरात बसून लिहून काढले. मोठमोठ्या घराण्यांची आडनावेही तिने गाळली नाहीत. आज आपण गुलटेकडीला भाजीपाला आणायला मार्केट यार्डात जातो, तेव्हा त्या मैदानाची आठवण कितीजणांना होते?

आमच्या मते या निबंधातील सर्वांत मोठा भाग याच्याही पुढे आहे. बाळंत होणाऱ्या बायकांच्या घरावर छप्पर नसते, पावसात-थंडीत त्यांचे काय हाल होत असतील ते स्वतःच्या अनुभवावरून पाहा, त्यांना रोग झाला तर वैद्याला पैसे कोठून आणणार, असे ती विचारते. उच्च जातीच्या मुलांनी दगड मारून डोके फोडले तरी आमची मुले तक्रार करीत नाहीत, कारण त्यांच्याच घरी उष्टे मागायला जायचे असते, हेही तिला दिसते. शिरच्छेदाच्या गोष्टी कोणीही सांगेल. पण मार खाऊन गप्प बसणाऱ्या मुलाच्या मनात काय चालते, हे कळायला त्या वस्तीतलेच डोळे लागतात.

इंग्रजांच्या राज्याबद्दल तिने चांगले शब्द लिहिले आहेत. आज काहींना ते खटकते. परंतु ज्यांचे शिर कोणीही कापावे अशी स्थिती होती, त्यांना कायद्याचे राज्य कोणाचे का असेना, सुटकेसारखे वाटणारच. तिला दोष देणाऱ्यांनी आधी तिच्या जागी उभे राहून पाहावे.

आता एक अवघड गोष्ट. ती टाळली तर हा लेख लिहिण्यात अर्थ नाही. मुक्ताने आपल्या निबंधात महारांनाही सोडलेले नाही. वरच्यांचा हा रोग महारांनाही लागला, तेही स्वतःला मांगांहून थोडे श्रेष्ठ समजतात आणि आमच्या सावलीचा विटाळ मानतात, असे तिने स्पष्ट म्हटले आहे. तरीही निबंधाच्या नावात तिने दोन्ही समाज शेजारी शेजारी बसवले आणि दुःख दोघांचे म्हणून मांडले. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी बाबासाहेबांनी नागपूरला आपल्याला धम्म दिला. आमचा धर्म कोणता, या तिच्या प्रश्नाला तेव्हा, तिच्यानंतर एकशे एक वर्षांनी, उत्तर मिळाले, असे आम्ही अभिमानाने म्हणतो. परंतु धम्म घेतल्यानंतरही आपल्या शेजारच्या मातंग वस्तीशी आमचे येणेजाणे किती? मिरवणुकीत एकत्र आणि सोयरिकीच्या वेळी पाठ फिरवायची, हे आमच्यातही घडते. आंतरजातीय विवाहाचे भाषण करणारे आम्हीच घरात मुलीला दटावतो. मुक्ताची जयंती 'त्यांनी' करावी, रमाईची 'आम्ही', अशी वाटणी झाली तर तो निबंध आमच्यावरच उलटतो.

विद्यार्थिनींना आणखी एक सांगावेसे वाटते. मुक्ताचे दुसरे लेखन आज उपलब्ध नाही. तिच्याजवळ पदवी नव्हती, क्लास नव्हता, अभ्यासाला वेगळी खोली तर नव्हतीच. ज्ञान हेच दुखण्यावरचे औषध आहे, ते घ्या म्हणजे वेड्या समजुती जातील, असे तिने आपल्या लोकांना कळवळून सांगितले. आमच्याकडे आज वाचनालय आहे, हातात मोबाईल आहे, शिष्यवृत्तीचे अर्ज आहेत. पण दहावी झाली की मुलीला "आता बस झाले" म्हणणारे घर आमच्या गल्लीतही आहे, आणि निबंध स्पर्धेत गाईडातला मजकूर जसाच्या तसा उतरवणारे हातही आहेत. परीक्षक म्हणून बसलेल्या आम्हाला एकाच दिवशी एकच निबंध सहा अक्षरांत वाचावा लागला आहे! त्या सहाजणींना रागवायचे की आपण त्यांना स्वतःचे लिहायला कधी शिकवलेच नाही हे मान्य करायचे, यावर आमच्यात बराच वाद झाला. शेवटी दुसरी गोष्ट खरी ठरली.

म्हणून यापुढे स्पर्धेला थोर व्यक्तींचे विषय न देता 'माझ्या वस्तीतील एक दुःख' असा विषय द्यावा, अशी आमची सूचना आहे. शुद्धलेखनाचे गुण कापू नयेत. आणि १ मार्चच्या आसपासच्या रविवारी विहारात बुद्धवंदनेनंतर मुक्ताचा निबंध संपूर्ण वाचावा. तो लहान आहे, भाषणापेक्षा कमी वेळ लागतो. वाचणारी मुलगी कोणत्या वस्तीतली, हे मात्र कोणी विचारायचे नाही.