पिंपातली लवंग

स्कॉच व्हिस्की विकणाऱ्या कंपनीकडे स्वतःची एकही भट्टी नसावी, हे ऐकायला विचित्र वाटते. 'कंपास बॉक्स' ही मात्र तशीच कंपनी आहे. जॉनी वॉकरच्या विपणन विभागात काम केलेल्या जॉन ग्लेझर या अमेरिकी गृहस्थाने २००० मध्ये लंडनमध्ये ती सुरू केली. स्कॉटलंडमधल्या वेगवेगळ्या डिस्टिलऱ्यांकडून तयार मद्य घ्यायचे, ते निवडक पिंपांत आणखी मुरवायचे आणि मग एकमेकांत मिसळायचे, एवढाच हा व्यवसाय. मिसळणे हे काम तोवर मोठ्या कंपन्यांच्या पडद्याआडचे मानले जाई. ग्लेझरने तेच दुकानाच्या पाटीवर आणले. या छोट्या कंपनीचे दोन वाद गाजले. पहिला लाकडाबद्दल होता, दुसरा लेबलाबद्दल.

लाकडाचा वाद समजण्यासाठी आधी पिंपात काय घडते ते पाहू. भट्टीतून नुकतेच उतरलेले मद्य पाण्यासारखे स्वच्छ असते. त्याचा रंग आणि चवीचा मोठा भाग ओकच्या लाकडातून येतो. ओकच्या लाकडात सेल्युलोज, हेमीसेल्युलोज, लिग्निन आणि टॅनिन असतात. पिंप बांधताना ते आतून भाजतात किंवा चक्क जाळतात. मसाला कच्चा वाटला आणि भाजून वाटला तर जो फरक पडतो, तसाच फरक इथेही पडतो. उष्णतेने लिग्निन तुटून व्हॅनिलिन तयार होते. आइस्क्रीमला व्हॅनिलाचा वास देणारा रेणू तो हाच. हेमीसेल्युलोजमधल्या शर्करा करपून कॅरमेलसारखा वास येतो. ओकमधल्या लॅक्टोन नावाच्या संयुगांमुळे ओल्या नारळाची झाक येते आणि ती अमेरिकी पांढऱ्या ओकमध्ये जास्त असते. जळलेल्या थराचा कोळसा गंधकयुक्त, उग्र वासाचे घटक शोषून घेतो. कोळशाने पाणी गाळण्यामागचे तत्त्व हेच आहे.

याच लाकडात युजेनॉलही असते. लवंगेच्या तेलाचा हा मुख्य घटक. दाढ दुखू लागली की आजी लवंग धरायला सांगते आणि दंतवैद्य झिंक ऑक्साइडमध्ये युजेनॉल कालवून तात्पुरते सिमेंट भरतात, त्या दोन्हींमागे हाच रेणू आहे. नव्या फ्रेंच ओकमधून हा मसालेदार वास चांगला उतरतो. ग्लेझरला तोच हवा होता.

२००५ मध्ये त्याने 'स्पाइस ट्री' नावाची व्हिस्की आणली. जुन्या पिंपांच्या आत नव्या फ्रेंच ओकच्या भाजलेल्या फळ्या बसवून त्यात ती पुन्हा मुरवली होती. स्कॉच व्हिस्की असोसिएशनने हरकत घेतली. फळ्या आत घालणे परंपरेत बसत नाही, थांबला नाहीत तर कायदेशीर कारवाई होईल, असे बजावले. लाकूड तेच, रसायने तीच, फक्त फळी पिंपाचा भाग आहे की पिंपात टाकलेली वस्तू आहे, यावर भांडण! कंपनीने २००६ मध्ये ती व्हिस्की बंद केली. २००९ मध्ये ती परत आली, पण नव्या युक्तीसह. या वेळी आत फळ्या नव्हत्या. पिंपाची दोन्ही बाजूंची झाकणेच फ्रेंच ओकची होती. झाकण हा पिंपाचाच भाग, त्यामुळे हरकतीला जागा उरली नाही.

स्कॉचचे नियम कडक आहेत. किमान तीन वर्षे स्कॉटलंडमध्येच मुरवणे, ७०० लिटरपेक्षा मोठे नसलेले ओकचे पिंप, बाटलीत किमान ४० टक्के अल्कोहोल, आणि वरून फक्त पाणी व साधा कॅरमेल रंग. शेवटचे काही महिने किंवा वर्षे दुसऱ्या पिंपात ठेवण्याच्या पद्धतीला 'फिनिशिंग' म्हणतात. बर्बनच्या पिंपातून शेरीच्या पिंपात नेलेली 'बालवेनी डबलवूड' १९९३ मध्ये बाजारात आली आणि ही पद्धत लोकप्रिय झाली. २०१९ मध्ये नियम सैल झाले. आता टकीला किंवा मेझकालचे जुने पिंपही चालते. आलुबुखार, चेरी अशा कठीण बाठ्याच्या फळांपासून केलेल्या मद्याचे पिंप मात्र अजून वर्ज्य आहे.

भारताला हे नियम लागू नाहीत. बंगळुरूच्या 'अमृत'ने 'स्पेक्ट्रम'साठी वेगवेगळ्या ओकच्या फळ्या जोडून एकच पिंप बांधले. आपल्याकडे खरे आव्हान असते ते उष्णतेचे. स्कॉटलंडमध्ये पिंपातून वर्षाला साधारण दोन टक्के मद्य उडून जाते. गोव्यात कुंकळ्ळीला 'पॉल जॉन'च्या गोदामात हेच प्रमाण आठ टक्क्यांच्या आसपास जाते. लाकडातले घटकही इथे झपाट्याने उतरतात, त्यामुळे तिकडे दहा-बारा वर्षे लागणारी मुरवण इथे पाच-सहा वर्षांत होते. अर्थात भारतातली बहुतेक स्वस्त व्हिस्की या वाटेने जातच नाही. उसाच्या मळीपासून काढलेल्या अर्कात थोडे माल्ट किंवा स्वाद मिसळून ती बनते. युरोपात तिला व्हिस्की म्हणता येत नाही.

मिश्रण करणाऱ्याचे मुख्य हत्यार म्हणजे नाक. दिवसभरात तो डझनांनी नमुने हुंगतो, पीत नाही. नमुन्यात पाणी घालून अल्कोहोल २० टक्क्यांच्या आसपास आणतात, कारण तीव्र अल्कोहोल नाकाच्या नसा बधिर करते. पाण्याने वास का खुलतो, याचा एक खुलासा २०१७ मध्ये स्वीडनमधल्या दोन संशोधकांनी संगणकावर रेणूंची हालचाल मांडून दिला. धुराचा वास देणारा ग्वायकॉल हा रेणू अल्कोहोलच्या रेणूंना धरून राहतो. अल्कोहोल ४५ टक्क्यांच्या खाली असले की तो पृष्ठभागाशी गोळा होतो आणि नाकाला सापडतो. अल्कोहोल ५९ टक्क्यांच्या वर गेले की तो आतच गुरफटतो.

हे सगळे कौशल्य नाकासाठी आणि जिभेसाठी आहे. यकृतापर्यंत पोचते ते इथेनॉल, आणि ते मळीचे असो की फ्रेंच ओकमध्ये मुरलेले, रेणू एकच. 'आम्ही देशी नाही, भारी पितो' हे वाक्य सरकारी रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागात नेहमी कानावर पडते. पोटात पाणी झालेल्या रुग्णाचे नातेवाईकही ते बचावासारखे सांगतात. भारी दारूचा फायदा इतकाच की तिच्यात मेथनॉलची भेसळ होण्याची शक्यता कमी. २०१५ मध्ये मुंबईत मालवणीला शंभराहून अधिक माणसे विषारी दारूने गेली, तेव्हा तो फरक दिसलाच. पण सिरोसिसच्या बाबतीत बाटलीची किंमत उपयोगी पडत नाही.

हिशेब सोपा आहे. ४२.८ टक्क्यांच्या व्हिस्कीच्या ३० मिलिलिटरमध्ये सुमारे १० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल असते, म्हणजे मोठ्या पेगमध्ये २०. शरीर तासाला साधारण ७ ते १० ग्रॅम अल्कोहोल निपटते. एका मोठ्या पेगला दोन ते तीन तास लागतात, आणि या काळात शरीरात ॲसिटाल्डिहाइड तयार होत राहते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने १९८८ मध्येच मद्याला पहिल्या गटातले कर्करोगकारक ठरवले. तोंड, घसा, अन्ननलिका, यकृत, मोठे आतडे आणि स्त्रियांमध्ये स्तन ही त्याची ठिकाणे. सोबत तंबाखू किंवा गुटखा असेल, तर तोंडाच्या आणि घशाच्या कर्करोगाचा धोका नुसत्या बेरजेपेक्षा जास्त वाढतो.

ओकमधून व्हिस्कीत एलॅजिक आम्ल हे अँटिऑक्सिडंट उतरते, असे सांगून ती हृदयाला चांगली ठरवणारे लेख अधूनमधून फिरत असतात. एलॅजिक आम्ल हवेच असेल, तर सोलापूरचे डाळिंब स्वस्त पडेल. उलट पिंपातून येणारे हे इतर घटक दुसऱ्या दिवशीचा त्रास वाढवतात. २०१० मधल्या एका अमेरिकी अभ्यासात तेवढ्याच अल्कोहोलची बर्बन पिणाऱ्यांना व्होडका पिणाऱ्यांपेक्षा हँगओव्हर जास्त झाला. मात्र झोप आणि दुसऱ्या दिवशीची कामातली एकाग्रता दोन्ही गटांत सारखीच बिघडली होती. ती बिघडवली इथेनॉलने.

कंपास बॉक्सचा दुसरा वाद २०१५ चा. 'धिस इज नॉट अ लक्झरी व्हिस्की' आणि आणखी एका मिश्रणात कोणकोणते मद्य किती आणि किती वर्षांचे आहे, हे कंपनीने उघड सांगितले. नियमानुसार मिश्रणातल्या सर्वांत तरुण मद्याचेच वय जाहीर करता येते, म्हणजे एखादी नामी जुनी व्हिस्की थोडीशी घालून तिच्या नावावर बाटली विकता येऊ नये. हेतू ग्राहकाच्या संरक्षणाचा होता. पण सगळे घटक प्रमाणासह सांगणाराही त्याच कलमात अडकला. तक्रार झाली आणि कंपनीला ती माहिती मागे घ्यावी लागली. २०१६ मध्ये तिने नियम बदलण्यासाठी मोहीम काढली आणि ब्रुकलॅडी या डिस्टिलरीने तिला साथ दिली, तरी नियम बदलला नाही. मग कंपनीने मधला मार्ग काढला. वय जाहीर करायचे नाही, पण एखाद्या ग्राहकाने स्वतःहून लिहून विचारले, तर त्याला सगळा तपशील कळवायचा.