प्रमाणपत्र पाहा, पण हातही पाहा

छत्रपती संभाजीनगरहून जालन्याच्या रस्त्याला लागले की शेंद्रा येते. मांगीरबाबाच्या यात्रेचे हे गाव आता कारखान्यांसाठीही ओळखले जाते. 2001 मध्ये येथे स्कोडाचा मोटारकारखाना सुरू झाला. पुढे शेंद्रा व बिडकीन येथे ‘ऑरिक’ ही उद्योगनगरी आली. ज्या घरांच्या जमिनी उद्योगाकडे गेल्या, तेथील मुलांचा आयटीआयचे प्रमाणपत्र हाच नवा सातबारा झाला आहे.

पण सातबारा वाचून जमिनीचा कस कळत नाही. माती हातात घ्यावी लागते. कारागिराचेही तसेच आहे.

फिटर निवडायचा असेल तर मालकाने त्याच्या हाती नकाशा, लोखंडी पट्टीचा तुकडा आणि कानस द्यावी. तो आधी नकाशा नीट वाचतो का? मापे घेण्यापूर्वी व्हर्नियरचे शून्य जुळते का, हे पाहतो का? काम झाल्यावर गुण्या लावून तुकडा उजेडाकडे धरावा. फटीतून उजेड दिसला, तर कानस सरळ चाललेली नाही.

वेल्डरचा जोड वरून देखणा आणि आतून पोकळ असू शकतो. म्हणून जोडलेली पट्टी वाकवून किंवा तोडून पाहतात. वीजकाम करणाऱ्यापुढे बिघडलेला स्टार्टर ठेवावा. हात घालण्यापूर्वी जो वीज बंद करतो आणि ती खरोखर बंद आहे याची खात्री करून घेतो, तो भरवशाचा.

परीक्षा न्यायाचीही हवी. सर्वांना काम, वेळ आणि हत्यारे सारखीच द्यावीत. कशाला किती गुण, हे आधीच लिहून ठेवावे आणि दोघांनी वेगवेगळे गुण द्यावेत; मग वशिल्याला जागा उरत नाही. नव्या यंत्रावर हात बसायला थोडा अवधीही द्यावा. मात्र परीक्षेच्या नावाखाली फुकट काम करून घेऊ नये.

सर्वांत लांब आणि खरी परीक्षा म्हणजे शिकाऊ उमेदवारी. तिचा कायदा 1961 चा आहे. 2019 च्या दुरुस्तीने 30 किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांना शिकाऊ उमेदवार घेणे बंधनकारक झाले. काही महिने रोज हात पाहिल्यावर मालकाची चूक सहसा होत नाही.

आईबापांनीही एवढे करावे. मुलगा किंवा मुलगी आयटीआयला असेल, तर गुणपत्रिकेबरोबर त्यांनी घडवलेली वस्तूही पाहावी. विहिरीवरची मोटर बिघडली, की त्यांना मिस्त्रीच्या शेजारी बसवावे. नोकरीच्या दिवशी कागद दारापर्यंत नेतो; आत नेतो तो हातच.