आधी मोटर ठरवा, मग बॅटरी

आज टेबलावर आहे रिमोटवर चालणारा, दगडधोंड्यांवर चढणारा छोटा ट्रक. माप १:१०, वजन दोन किलोच्या आसपास. फौजेत तीस-बत्तीस वर्षं मोठ्या गाड्यांसोबत काढली, त्यामुळे याला काय अक्कल लागते, असं मला वाटलं होतं. सुरुवातीलाच एक मोटर जाळली आणि एक बॅटरी फुगवली. तुमचे पैसे वाचावेत म्हणून दोन्ही गोष्टी सांगतो.

ट्रकमधली मूळ मोटर ५४० आकाराची, ३५ टर्नची. नातवाची तक्रार, "आजोबा, हा फार हळू पळतो." मी २१ टर्नची आणून बसवली. गच्चीवर ट्रक सुसाट. मग अंगणातल्या विटांच्या ढिगावर चढवला, चाक अडकलं, नातवानं ट्रिगर दाबून धरला आणि थोड्याच वेळात जळक्या वार्निशचा वास आला. मोटर गेली.

टर्न म्हणजे मोटरच्या आत तारेचे किती वेढे आहेत तो आकडा. वेढे कमी, तर तार जाड, फेरे जास्त आणि करंटही जास्त. वेढे जास्त, तर मोटर सावकाश फिरते आणि तेवढ्याच करंटमध्ये ओढ जास्त देते. फिरणारी मोटर स्वतःच उलटा व्होल्टेज तयार करते आणि त्यामुळे करंटला आपोआप लगाम बसतो. ती अडकली की हा लगाम सुटतो, उरतो फक्त तारेचा किरकोळ रोध. करंट दुप्पट झाला की तारेतली उष्णता चौपट होते. अडकलेल्या ट्रकचा ट्रिगर सोडायचा, हे नातवाला शिकवण्याआधी मी स्वतः शिकायला हवं होतं.

पूर्वी जबलपूरला बनत असलेला शक्तिमान ट्रक ज्यांनी घाटात चालवलाय, त्यांना हे वेगळं सांगायला नको. चढावर खालचा गिअर टाकावाच लागतो. इथे गिअर म्हणजे मोटरच्या दांड्यावरचं छोटं चाक, पिनियन. पिनियनचे दात कमी केले की वेग घटतो, ओढ वाढते, मोटर थंड राहते. पाच मिनिटं चालवून मोटरला बोट लावा. पाच सेकंद ठेवता येत नसेल, तर आणखी लहान पिनियन घ्या.

दुकानदार ब्रशलेस मोटर दाखवील. तिच्यावर केव्ही लिहिलेलं असतं. ते किलोव्होल्ट नव्हे, एका व्होल्टला मोकळ्या मोटरचे मिनिटाला किती फेरे, ते. ३००० केव्हीला ७.४ व्होल्ट दिले की २२,२०० फेरे. मैदानावर पळवायला उत्तम. पण सेन्सर नसलेली स्वस्त ब्रशलेस मोटर अगदी हळू निघताना अडखळते. दगड चढायचे असतील तर ३५ किंवा ५५ टर्नची साधी ब्रशवाली घ्या. माझ्या ट्रकमध्ये आता ५५ टर्नची आहे. नातू थोडा नाराज आहे.

आता बॅटरी. निकेल-मेटल हायड्राइडचे सहा सेल म्हणजे ७.२ व्होल्ट. ती जड, पण सोशिक. लिथियम-पॉलिमर, म्हणजे लिपोचे दोन सेल म्हणजे ७.४, पूर्ण भरल्यावर ८.४ व्होल्ट. ती हलकी, पण लाडावलेली. एमएएच म्हणजे टाकी केवढी, सी म्हणजे नळ केवढा. २२०० एमएएच आणि २५ सी असेल तर २.२ गुणिले २५, म्हणजे ५५ अँपिअर. लेबलवरच्या सी आकड्यात फुशारकी बरीच असते, मी निम्माच धरतो. ट्रक सरासरी ४ अँपिअर ओढत असेल आणि टाकीचा पाचवा हिस्सा शिल्लक ठेवायचा असेल, तर २२०० वर साधारण २६ मिनिटं मिळतात. ८ अँपिअर ओढला तर १३. मोटर आधी ठरवा म्हणतो ते याचसाठी. आणि ऑर्डर देण्याआधी बॅटरीचा कप्पा पट्टीनं मोजा. माझी पहिली बॅटरी ४ मिलिमीटरनं लांब निघाली होती.

फुगलेल्या बॅटरीचं असं झालं. मोटरला वीज पुरवणाऱ्या ईएससीवर बॅटरीचा प्रकार निवडायची छोटी क्लिप असते. ती निकेलवर राहिली आणि मी लिपो जोडली. ट्रक थांबेपर्यंत चालला, तेव्हा एकेका सेलमध्ये अडीच व्होल्टच उरले होते. लिपोचा सेल चालताना ३ च्या खाली जाऊ द्यायचा नसतो, मी ३.३ लाच थांबतो. दुसऱ्या दिवशी पाकीट पुरीसारखं टम्म. नवी बॅटरी, पैसे ताजे गेलेले, "जरा चार्ज करून बघू" हा मोह झालाच. केलं नाही. फुगलेली लिपो चार्ज करताना पेट घेऊ शकते, आणि ती आग घरातल्या बादलीभर पाण्याला दाद देत नाही. अंगणात वाळूच्या कुंडीत ठेवली, टोकांना टेप लावून ई-कचरा घेणाऱ्याकडे दिली.

चार्जर बॅलन्सवालाच घ्या. २२०० च्या बॅटरीला २.२ अँपिअरच्या वर जाऊ नका. गादीवर, सोफ्यावर किंवा रात्री झोपताना चार्जिंग नाही. फरशीवर ठेवा आणि त्याच खोलीत बसा. महिनाभर वापर नसेल तर सेल ३.८ व्होल्टवर आणून ठेवा. नागपूर असो की हैदराबाद, मे महिन्यात उन्हात उभ्या गाडीत ती ठेवू नका. आमची आता माठाशेजारच्या कोनाड्यात असते, सुकी, पत्र्याच्या डब्यात, झाकण घट्ट न लावता.