नवा अभ्यासक्रम अडतो कुठे?

बारावीचे निकाल लागले की सोलापुरात दरवर्षी एकच तक्रार ऐकू येते: आपल्या विद्यापीठात नवं काही सुरूच होत नाही. तक्रारीमागची तळमळ खरी आहे, पण कारणं बहुतेक वेळा चुकीची सांगितली जातात.

गैरसमज : कुलगुरूंनी मनावर घेतलं की काम झालं.

वस्तुस्थिती : २०१६ च्या महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियमानुसार मसुदा अभ्यास मंडळात तयार होतो आणि विद्याशाखेमार्फत विद्या परिषदेपुढे जातो. सांगोल्याच्या किंवा अक्कलकोटच्या एखाद्या महाविद्यालयाला नवा अभ्यासक्रम हवा असेल, तर विद्यापीठाच्या बृहत आराखड्यात त्याला जागा लागते. शेवटची परवानगी राज्य शासनाची असते.

गैरसमज : जुन्या प्राध्यापकांना बदल नकोच असतो.

वस्तुस्थिती : अभ्यास मंडळात एखाद्या विषयाचा पेपर कमी करायची भाषा निघाली, की पहिला प्रश्न येतो, "कार्यभाराचं काय?" यूजीसीच्या २०१८ च्या नियमांनुसार सहायक प्राध्यापकाने आठवड्याला १६ तास अध्यापन करायचं असतं. तास भरले नाहीत तर पद अतिरिक्त ठरण्याची धास्ती असते. पोटापाण्याच्या या काळजीला हट्ट म्हणणं मला अन्यायाचं वाटतं. त्यात नवे अभ्यासक्रम बहुधा विनाअनुदानित तत्त्वावर येतात आणि तासिका तत्त्वावरचे शिक्षक ते चालवतात. पुढच्या वर्षी आपण इथे असू की नाही, हेच ज्याला ठाऊक नाही, त्याने पाच वर्षांनी अभ्यासक्रम कसा असावा याचा विचार कशाच्या बळावर करायचा? संस्थेची कार्यसंस्कृती प्रेरणादायी व्याख्यानांनी घडत नाही. ती टिकून राहणाऱ्या माणसांमुळे घडते, म्हणून रिक्त पदं भरणं हे अभ्यासक्रमाचंच काम आहे.

गैरसमज : एका जिल्ह्याचं विद्यापीठ म्हणजे पुण्या-मुंबईची छोटी नक्कल.

वस्तुस्थिती : २००४ मध्ये कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठातून वेगळं झालेलं आणि २०१९ पासून पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकरांचं नाव लाभलेलं हे विद्यापीठ केगावला आहे. राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्रही केगावलाच आहे. शहरात भौगोलिक मानांकन मिळालेल्या चादरीचे माग आहेत, आणि मराठी, कन्नड, तेलुगू, उर्दू या भाषा एकाच पेठेत ऐकू येतात. उद्योगातल्या जाणकारांना अभ्यास मंडळावर घेण्याची तरतूद कायद्यातच आहे. चादरीच्या नक्षीपासून डाळिंबाच्या निर्यातीपर्यंतचे विषय शिकवायचे, तर त्यातली माणसं त्या बैठकीला बोलावता येतात.