संगणक वारंवार बंद पडतो? आधी वही काढा, मग पाकीट

साताऱ्यापासून सांगली-मिरजेपर्यंत आपल्या वस्त्यांमधून आज अनेक घरांत संगणक आलेला आहे. कोणी नवा घेतला, पुष्कळांनी एखाद्या कार्यालयातून निघालेला जुना घेतला. मुलांचा अभ्यास, स्पर्धा परीक्षेची तयारी, महाडीबीटीवरचा शिष्यवृत्तीचा अर्ज, हे सारे त्याच्यावर चालते. अशा वेळी अर्ज अर्धा भरून झाला की पडदा काळा होतो, यंत्र आपोआप पुन्हा सुरू होते आणि दहा मिनिटांनी परत तोच प्रकार. मग संगणक दुकानात नेला की कित्येकदा एकच वाक्य कानी पडते : "मदरबोर्ड गेला, आता नवाच घ्या."

दुकानदार खोटेच बोलतो असे मुळीच नाही. परंतु कारण न शोधता खर्च करणे आपल्या कुटुंबांना परवडणारे नाही. तेरीज जुळत नाही म्हणून हिशेबनीस वह्या फाडत नाही. तो एकेक खाते तपासत जातो आणि चूक सापडते. संगणकाचेही तसेच आहे. तो विनाकारण बंद पडत नाही. फुकटातले कारण आधी तपासायचे, खर्चाचे शेवटी, हा क्रम मात्र पाळला पाहिजे.

पहिले काम : मुलांचे कागद वाचवा

दुरुस्तीच्या आधी गुणपत्रिका, जातीचा दाखला, प्रकल्प, फोटो हे सर्व पेनड्राइव्हवर उतरवून घ्या. दुकानात 'फॉरमॅट मारला' की संगणक परत मिळतो, पण आतले कागद परत मिळत नाहीत. भरत असलेला अर्जही दर पानाला जतन करीत जावा.

दुसरे काम : नोंद ठेवा

एक शंभर पानी वही घ्या. संगणक कधी बंद पडला, तेव्हा काय चालू होते, घरात वा शेजारी कोणते यंत्र सुरू झाले, पडद्यावर काही मजकूर आला का, हे लिहा. आठवडाभरात कारणाचा माग लागतो.

आमच्या वस्तीतील अभ्यासिकेत देणगीदाखल आलेला संगणक रोज संध्याकाळी बंद पडे. एका कारागिराने मदरबोर्ड बदलण्याचा सल्ला दिला होता. मुलांनी नोंद ठेवली तेव्हा असे दिसले की, शेजारची पिठाची गिरणी सुरू होते त्याच क्षणी संगणक मान टाकतो. वायरमनने पाहिले, तर भिंतीवरच्या बोर्डातील तार सैल होती. ती घट्ट केली, अशक्त झालेला एसएमपीएस बदलला आणि यंत्र चालू लागले. मदरबोर्ड तोच आहे.

विजेचा दोष

पडदा एकदम काळा झाला आणि कोणताही संदेश आला नाही, तर पहिला संशय विजेवर घ्यावा. आपल्या घरात येणारी वीज २३० व्होल्टची. एसएमपीएस तिचे १२, ५ आणि ३.३ व्होल्ट करून संगणकाला पुरवतो. दाब क्षणभर खाली गेला आणि एसएमपीएस जुना असला, की संगणक तग धरीत नाही. शेतीपंपाची मोटर, मिक्सर, इस्त्री यांच्या वेळा वहीशी जुळतात का ते पाहा. संगणक एकदा दुसऱ्या खोलीतील पिनवर लावून बघा. एक्स्टेंशन बोर्ड आणि यूपीएस वगळूनही बघा. यूपीएसची बॅटरी काही वर्षांत निकामी होते आणि मग तो असून नसल्यासारखाच.

आणखी एक गोष्ट. १,९६० मेगावॅटचा कोयना प्रकल्प सातारा जिल्ह्यात असूनही २००५ नंतरच्या काही वर्षांत खेड्यापाड्यांनी तासन्तास भारनियमन सोसले. त्या काळात पुष्कळ घरांत इन्व्हर्टर आले. अनेक इन्व्हर्टरच्या मागे एक छोटे बटण असते : 'नॉर्मल' आणि 'यूपीएस'. ते 'नॉर्मल'वर असेल तर वीज गेल्यावर बॅटरीवर जाण्यास किंचित उशीर लागतो. पंख्याला तो जाणवत नाही, संगणक मात्र बंद पडतो. बटण 'यूपीएस'वर करायला एक पैसाही लागत नाही.

धूळ, उष्णता आणि ओल

आपल्या दोन जिल्ह्यांत हवा एकसारखी नाही. माण, खटाव, आटपाडी, जत या भागांत पाऊस कमी, धूळ फार. साखर कारखान्याजवळच्या घरांत गळीत हंगामात काजळी येते. उलट महाबळेश्वर, जावळी, पाटणकडे पावसाळाभर ओल. धूळ पंख्यात आणि जाळीत बसली की प्रोसेसर तापतो. तो सुमारे १०० अंश सेल्सिअसच्या घरात गेला की स्वतःच्या बचावासाठी संगणक बंद होतो. सुरू केल्यावर पंधरा-वीस मिनिटांनी बंद पडणे, थंड झाल्यावर नीट चालणे, ही त्याची खूण. संगणक टेबलाच्या बंद कप्प्यात कोंडू नका, चालू असताना त्यावर भरतकामाचे झाकण घालू नका. मऊ ब्रशने धूळ काढा. पंखा फिरतो का पाहा. जुन्या यंत्रात प्रोसेसरवरील थर्मल पेस्ट वाळलेली असते, ती कारागिराकडून बदलून घ्यावी.

ओलसर भागात रॅमच्या पट्टीवरील सोनेरी टोकांवर थर चढतो. निळा पडदा आला आणि दर वेळी निराळा संदेश दिसला, तर रॅमची शंका घ्यावी. पिन काढून, रॅम अलगद बाहेर घेऊन, ती टोके साध्या खोडरबराने हलक्या हाताने पुसावीत व पट्टी पुन्हा घट्ट बसवावी. दोन पट्ट्या असल्यास एकेक लावून बघावी. विंडोजमध्ये 'मेमरी डायग्नोस्टिक' ही तपासणी मोफत असते.

२००५, २०१९ आणि २०२१ साली कृष्णेचे पाणी सांगलीत घराघरांत शिरले. पुरात भिजलेला संगणक 'चालतो का बघू' म्हणून कधीही सुरू करू नये.

हार्ड डिस्क आणि प्रोग्रॅम

संगणक गोठतो, फाइल उघडायला फार वेळ लागतो, आतून टकटक ऐकू येते, तर हार्ड डिस्क थकलेली आहे. आधी कागद उतरवा, मग बाकी सारे.

बिघाड एखादा नवा प्रोग्रॅम, खेळ किंवा अपडेट आल्यानंतर सुरू झाला असेल, तर तो काढून पाहा. 'सेफ मोड'मध्ये संगणक तासन्तास नीट चालला, तर दोष बहुधा प्रोग्रॅममध्ये आहे, यंत्रात नाही. अशी चूक मोठमोठ्यांकडूनही होते. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्या एका सदोष अपडेटमुळे, मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार, जगभरातील सुमारे ८५ लाख संगणक निळा पडदा दाखवून बसले. आपल्या देशात विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास द्यावे लागले. एकाही यंत्राचा मदरबोर्ड त्यासाठी बदलावा लागला नाही.

विंडोज १० ला मायक्रोसॉफ्टचा नियमित आधार ऑक्टोबर २०२५ मध्ये संपला. सुरक्षेच्या दृष्टीने ही गोष्ट महत्त्वाची आहे. परंतु "विंडोज १० म्हणूनच तुमचा संगणक बंद पडतो," असे कोणी म्हणाले तर ते मान्य करू नका.

दुकानात जाताना

वही सोबत न्या. "कोणता भाग बिघडला, कसा तपासला?" असे शांतपणे विचारा. शक्य असेल तर दुसरा चालू एसएमपीएस किंवा रॅम लावून दाखवायला सांगा. जुना भाग परत मागा, पावती घ्या. एका वेळी एकच भाग बदलावा. चार भाग एकदम बदलले तर दोष कशात होता ते कधीच कळत नाही, पैसे मात्र चारींचे जातात.

एक ताकीद विसरू नका. एसएमपीएसची पेटी घरी कधीही उघडू नका. पिन काढल्यावरही तिच्यात काही काळ वीज साठून राहते. घराला अर्थिंग नसेल तर ते आधी करून घ्यावे.

आणि हे काम केवळ मुलग्यांचे समजू नये. घरातील मुलीच्या हाती वही आणि ब्रश द्या. रोज संगणकावर बसणाऱ्यालाच त्याची खोड आधी कळते. एका गल्लीत एका मुलीने हे शिकून घेतले, तर शिष्यवृत्तीच्या शेवटच्या तारखेला दहा घरांची धावपळ वाचेल.