भ्यालेलं लेकरू शिकत नाही

मी निवृत्त शिक्षिका. आपल्या सोलापूर जिल्ह्यातल्या खेड्यापाड्यांच्या शाळांत ३१ वर्षं शिकवलं. आज तुमच्याशी लेकरांच्या मेंदूविषयी बोलणार आहे. घाबरू नका, डॉक्टरी भाषण नाही. आपल्या घरातलीच गोष्ट आहे, आणि सुरुवात मी माझ्या चुकीपासून करते.

मागं एका गावात बचत गटाच्या बैठकीला गेले होते. एका बाईनं विचारलं, "माझ्या साडेतीन हजाराचं तीन महिन्यांचं व्याज किती झालं गं?" दर शेकडा दोन रुपये महिना. मी पिशवीतून मोबाईल काढेपर्यंत गटाची सचिव म्हणाली, "दोनशे दहा." वहीत बघितलंसुद्धा नाही. मी कौतुकानं विचारलं, "किती शिकलीस गं?" ती हसली. "बाई, वळखलं न्हाई व्हय? तिसरीला तुमच्याच वर्गात होते. साताचा पाढा येईना म्हणून फळ्यापाशी उभं केलतं तुम्ही. लई भ्या वाटायचं तुमचं. पाचवीत सोडली मग शाळा."

तिच्या बोलण्यात राग नव्हता. पण त्या रात्री मला झोप लागली नाही. जिला मी 'डोक्यानं कमी' समजले, ती तोंडी व्याज काढत होती. मग फळ्यापाशी तिचं डोकं कुठं गेलं होतं? पुढं याविषयी वाचत गेले, तेव्हा उत्तर मिळालं. डोकं जागेवरच होतं, पण भीतीनं त्याचं दार लावून घेतलं होतं.

हे कसं होतं ते सांगते. समजा, तुम्ही तुरीच्या रानातून चालला आहात आणि पायापाशी साप सळसळला. तुम्ही आधी विचार करता का, की हा विषारी की बिनविषारी? नाही. आधी उडी मारता, विचार नंतर. आपल्या मेंदूत खोलवर बदामाच्या आकाराचा एक छोटा भाग आहे. त्याला अमिग्डला म्हणतात. धोका दिसला की तो क्षणात हाकाटी करतो. अंगात अ‍ॅड्रेनॅलिन आणि कॉर्टिसॉल ही द्रव्यं वाढतात. छाती धडधडते, हातापायांकडे रक्त धावतं, पोटातलं पचनाचं काम मंदावतं. शरीर पळायला तयार होतं.

आता त्याच क्षणी कुणी विचारलं, "गटाची शिल्लक किती?" तर सांगता येईल? नाही येणार. कारण विचार करायचा, तोल सांभाळायचा, आकडे मनात धरून ठेवायचा जो भाग कपाळाच्या मागं असतो, त्याचं काम त्या वेळी मागं पडतं. या भागाला प्रीफ्रंटल कॉर्टेक्स म्हणतात. तो पुरता पिकायला वयाची साधारण पंचविशी उजाडते. म्हणजे आठ वर्षांच्या पोरीचा तो अजून कोवळाच असतो.

लहान मुलाच्या शरीराला साप आणि छडी यांतला फरक कळत नाही. सगळ्या वर्गासमोर "ढ आहेस" म्हटलं, तरी आत तीच हाकाटी होते. म्हणून घरी घडाघडा पाढे म्हणणारं लेकरू फळ्यापाशी मुकं होतं. आपण म्हणतो, अभ्यास केला नाही. खरं तर केलेला अभ्यास त्या वेळी हाताशी येत नाही.

काही लेकरांचं सकाळी शाळेच्या वेळेला पोट दुखतं आणि रविवारी दुखत नाही. घरचे म्हणतात, नाटक करतंय. मैत्रिणींनो, ते दुखणं बहुतेक वेळा खरंच असतं. भीतीनं पोट आवळून येतं. सारखंच दुखत असेल तर दवाखान्यात जरूर दाखवा. पण त्याबरोबर मुलाला हळूच विचारा, शाळेत कुणाची भीती वाटते का?

भीती रोजचीच झाली तर नुकसान आणखी खोल जातं. आठवणी साठवण्याचं काम मेंदूतला हिप्पोकॅम्पस नावाचा भाग करतो. ताण महिनोन्‌महिने चालू राहिला, तर याच भागाला झळ लागते, असं प्राण्यांवरच्या प्रयोगांत शास्त्रज्ञांना दिसलं आहे. याचा अर्थ मुलाला कसलीच काळजी नको असा नाही. परीक्षेआधीची थोडी धाकधूक लक्ष जागं ठेवते. ताण थोडा असावा, थोडा वेळ असावा आणि पाठीशी कुणीतरी असावं. असा ताण मूल पेलतं.

आता कुणी म्हणेल, "आम्ही मार खाऊनच शिकलो की!" मीही हेच म्हणायचे. पण हे म्हणतात कोण? जे टिकले ते. जे मार खाऊन शाळेतून गेले, ते बांधावर गेले, गुरांमागं गेले, लवकर बोहल्यावर चढले. त्यांना कुणी विचारायला जात नाही. माझी ती विद्यार्थिनी मला योगानं भेटली म्हणून कळलं.

भावना म्हणजे फक्त भीती नव्हे. अँटोनियो डमासिओ या मेंदूतज्ज्ञांनी असे रुग्ण पाहिले, ज्यांच्या मेंदूच्या पुढच्या भागाला इजा झाली होती. त्यांची बुद्धी चाचणीत शाबूत होती. पण भावना बोथट झाल्या होत्या, आणि त्यांना रोजचे साधे निर्णय नीट घेता येत नव्हते. मेरी हेलन इमॉर्डिनो-यांग या संशोधक बाईंनी डमासिओंबरोबर २००७ मध्ये हे शिक्षणाला लावून दाखवलं. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं, की ज्याच्याविषयी आपल्याला काही वाटतं, त्याचाच आपण मनापासून विचार करतो. आपल्या सचिवबाईचंच बघा. पाढ्यातले सात तिला परके होते. गटातल्या सखीच्या पैशातले सात आपले होते.

दुसरी गोष्ट माणसांची. मूल एकटं वाढत नाही, माणसाच्या तोंडाकडं बघत वाढतं. १९७० च्या दशकात एडवर्ड ट्रॉनिक यांनी एक साधा प्रयोग केला. आई काही महिन्यांच्या बाळाशी हसत-खेळत बोलते. मग सांगितल्याप्रमाणे ती दोन-तीन मिनिटं चेहरा दगडासारखा ठेवते. बाळ आधी हसून बघतं, हात पुढं करतं, आवाज काढतं. आई तशीच राहिली की कोमेजतं, तोंड फिरवतं, रडतं. दोन-तीन मिनिटांत एवढं! मग वर्षभर ज्याच्याकडे शिक्षकानं नावानं हाक मारून एकदाही पाहिलं नाही, त्या शेवटच्या बाकावरच्या पोराचं काय होत असेल?

रोमानिया देशातल्या अनाथालयांत हजारो मुलं होती. अन्न होतं, छप्पर होतं, पण प्रत्येकाला आपलं असं माणूस नव्हतं. २००० साली तिथं बुखारेस्ट शहरात १३६ मुलांचा अभ्यास सुरू झाला. त्यातली निम्मी मुलं कुटुंबांत वाढवायला दिली. पुढं ती मुलं बुद्धीच्या चाचण्यांत संस्थेत राहिलेल्यांपेक्षा पुढं गेली, आणि जी दोन वर्षांची व्हायच्या आत घरात आली, त्यांना जास्त फायदा झाला. माया हा वरचा लाड नाही, मेंदूचा तो खुराक आहे.

हे आपल्या महाराष्ट्राला अगदीच नवं नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये ठाणे जिल्ह्यात बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्राचं काम सुरू केलं. पुढं ते काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. आदिवासी पाड्यांवरची मुलं बालवाडीत येईनात, तेव्हा त्यांनी मुलांना दोष दिला नाही. त्यांनी बालवाडीच पाड्यावरच्या अंगणात नेली. मूल आपल्या अंगणात, आपल्या माणसांत बिनघोर असतं, हे त्यांनी ओळखलं होतं. गुरं राखणाऱ्या मुलांसाठी त्या कुरणात शाळा भरवत. अंगणवाडी हा शब्द आपल्याला त्यांच्याच कामातून मिळाला. मेंदूचे फोटो निघायच्या कितीतरी आधी या दोघी बायका हे करत होत्या.

आता आपल्या जिल्ह्याकडं बघा. अक्कलकोट, दक्षिण सोलापूर भागात कितीतरी घरांत कन्नड बोलतात. शहरात विणकरांच्या घरी तेलुगू, तांड्यांवर लमाणी. सहा वर्षांचं लेकरू शाळेत येतं आणि कानावर परकी भाषा पडते. त्याला काही येत नाही असं नाही, त्याला कळत नाही एवढंच. बाईंनी त्याच्या घरच्या बोलीतले दहा शब्द शिकून घेतले, तर ते मूल सैल होतं. मग मराठी भराभर उचलतं.

तसंच ऊसतोडीचं. दिवाळीच्या सुमारास कारखान्यांचे हंगाम सुरू होतात, फडावर कोप्या पडतात आणि परगावची मुलं आपल्या शाळेच्या दाराशी येतात. गाळप संपलं की जातात. "चार महिन्यांचं पोर, याला काय शिकवायचं," असं म्हणून त्याला मागं बसवलं, तर ते चार महिनेही गेले आणि पुढचंही गेलं. पहिल्याच दिवशी त्याला गावातला एक सोबती जोडून द्या. जेवायला, खेळायला, वही दाखवायला. याला पैसा लागत नाही.

कायदाही आपल्या बाजूनं आहे. २००९ चा शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू आहे. त्याच्या कलम १७ नुसार मुलाला मारायला बंदी आहे, आणि मानसिक त्रास द्यायलाही. म्हणजे छडीच नव्हे, "ढ", "दगड" असा अपमानही त्यात येतो. कलम २१ नुसार शाळा व्यवस्थापन समितीत निदान तीन-चतुर्थांश सदस्य पालक असायला हवेत, आणि एकूण सदस्यांत निम्म्या बायका. कागदावर आपलं नाव असतं, सही घरी येऊन नेतात. मैत्रिणींनो, सही देऊ नका, सभेला जा.

तिथं काय बोलायचं? तीन प्रश्न विचारा. एक, आपल्या शाळेत कोणतं मूल बोलतच नाही, त्याच्यासाठी काय करतो? दोन, मुलाचं उत्तर चुकलं की वर्गात काय होतं? तीन, आठवडाभर न आलेलं मूल परत आलं की त्याला काय ऐकायला मिळतं? पण भांडायला जाऊ नका. एकेका शिक्षकाकडे दोन-दोन वर्ग असतात, वर कागदपत्रांचं ओझं. त्यांचाही जीव दडपणाखाली असतो, आणि दडपलेलं माणूस मुलांवर खेकसतं. म्हणून विचारा, "आम्ही काय करू?" गटातल्या दोघी जणी आठवड्यातून एक तास गोष्ट सांगायला, ज्वारीचे दाणे मांडून हिशोब शिकवायला शाळेत जाऊ शकतात.

घरीही थोडं बदलू या. "थांब, गुरुजींना सांगते!" असं आपणच म्हणतो आणि शिक्षकाचा बागुलबुवा करून ठेवतो. ते सोडू. संध्याकाळी "किती मार्क पडले?" याआधी "आज कुणाबरोबर जेवलास?" असं विचारू. मूल चिडलं की "गप बस" म्हणण्याऐवजी "राग आला का? भीती वाटली का?" असं त्या भावनेला नाव देऊ. नाव सापडलं की मूल हळूहळू स्वतःला सावरायला शिकतं.

आणि हो, तुम्हाला हे सगळं रोज जमणार नाही. दिवसभर खुरपून आलेली, कर्जाच्या हप्त्याची काळजी असलेली आई हसऱ्या चेहऱ्यानं किती वेळ बसेल? म्हणून तर गट हवा. आईच्या मनावरचा भार हलका करणारं कुणी असलं, की ती लेकराचा भार पेलते.

त्या सचिवबाईची मी माफी मागितली. ती लाजली. म्हणाली, "ऱ्हाऊ द्या बाई, औंदा माझी पोरगी पहिलीला जाणार हाय. तेवढं तुमच्या बाईंला सांगा, पाढा चुकला तर जवळ घेऊन शिकवा म्हनावं." मी शाळेत जाऊन सांगितलं. तुम्हीही तुमच्या शाळेत जाऊन सांगा.

येते मी. नमस्कार.